नद्या भरून वाहत असताना गळ आणि तंबू : जालन्यात सहलीचं गणित कसं बसतं?

ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला की मोबाईलवर दोन प्रकारचे व्हिडिओ फिरू लागतात. एकात धरणाच्या दरवाज्यांतून कोसळणारं पाणी, दुसऱ्यात नदीकाठचा तंबू आणि हातात रॉड घेऊन उभी असलेली मंडळी. जालना जिल्ह्यात हे दोन्ही एकाच दिवशी जमवायचा प्रयत्न झाला, तर मासा मिळण्याची शक्यता कमी आणि धोका मोठा.

आधी माशाचं पाहू. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी नसते. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला नकली किडा असतो. त्याला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून वजनदार दोरीच डोक्यावरून मागे-पुढे झुलवून लांब फेकावी लागते. या किड्याला वास नाही, चव नाही, त्यामुळे मासा तो मुख्यतः डोळ्यांनी हेरतो. काळ्या मातीतून आलेलं चहासारखं गढूळ पाणी असेल, तर पिसांचा किडा पाण्यात आहे की नाही हे माशाला कळणारही नाही. हिमालयातल्या स्वच्छ, खळाळत्या नद्यांत महाशीरसाठी हा खेळ रंगतो. जालन्यात मरळ, रोहू, कटला, वाम, चिलापी असे मासे मिळतात. त्यांतला मरळ हा दबा धरून झडप घालणारा शिकारी मासा. पृष्ठभागावर हलणाऱ्या बेडकासारख्या आमिषाकडे तो धावतो, पण संथ आणि त्यातल्या त्यात निवळ पाण्यात. म्हणजे पूर नदीला असताना गळ तळ्यात टाकलेला बरा.

दुसरी गोष्ट, रोहू, कटला आणि मृगळ यांचा विणीचा हंगाम पावसाळाच. नव्या पाण्यासोबत ते प्रवाहाविरुद्ध चढतात. त्या वेळी पकडलेली मादी अंड्यांनी भरलेली असते. ती सोडून देणं हा शहाणपणा आहे, आणि पुढच्या वर्षीच्या माशांचा हिशेबही.

आता नद्या. जिल्ह्यात दोन तऱ्हेचे पूर येतात आणि सहलीचं नियोजन इथेच चुकतं.

पूर्णा, दुधना, कुंडलिका, गिरजा, केळणा या नद्या जवळच्या पावसावर चालतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेत किंवा भोकरदनच्या वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला की काही तासांत पाणी चढतं आणि तसंच उतरतं. हवामान विभागाच्या व्याख्येत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे पाऊस म्हणजे ‘जोरदार’, ११५.६ च्या पुढे ‘अतिजोरदार’. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल, तर या नद्यांकाठचा मुक्काम रद्द करण्यासाठी आणखी कारण शोधायला नको.

गोदावरीचं तंत्र वेगळं. ती जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांना खेटून जाते. शहागडच्या पलीकडे बीड जिल्हा सुरू होतो. इथलं पाणी जालन्यातल्या आभाळाकडे पाहून कळत नाही. पाऊस त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडे पडतो, नांदूर मध्यमेश्वरातून पाणी पुढे सुटतं, प्रवरा आणि मुळेचं पाणी येऊन मिळतं आणि सगळं पैठणच्या नाथसागरात जमा होतं. १९७६ साली लोकार्पण झालेल्या या जायकवाडी धरणाला २७ दरवाजे आहेत. धरण भरलेलं असताना वरून येणारं पाणी साठवायला जागा उरत नाही, ते खाली सोडावंच लागतं. मग शहागडला स्वच्छ ऊन असतानाही पात्र फुगतं. ऑगस्ट २००६ मध्ये विसर्ग अडीच लाख क्युसेकच्या घरात गेला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो तीन लाखांच्या आसपास पोहोचला आणि पैठणपासून खाली काठावरच्या वस्त्यांतून लोकांना हलवावं लागलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, यावरून अंदाज येतो.

म्हणून गोदाकाठी जाणाऱ्याने जालन्याच्या अंदाजासोबत दोन आकडे रोज पाहावेत : नांदूर मध्यमेश्वरचा विसर्ग आणि नाथसागराचा साठा. साठा नव्वद टक्क्यांच्या पुढे आणि वरून आवक सुरू, तर बेत पुढे ढकलावा. पैठणच्या खाली जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणीसावंगी असे उच्च पातळी बंधारेही आहेत. त्यांचे दरवाजे उघडले की संथ दिसणारा काठ थोड्या वेळात धावता होतो.

गोदावरीचा आणखी एक धोका फोटोत दिसत नाही. वाळू उपशाने पात्रात खोल खड्डे पडले आहेत. पाणी वर आलं की सगळा पृष्ठभाग सारखाच भासतो. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट पुरुषभर खोलीत जाऊ शकतं. फ्लाय फिशिंगमध्ये पाण्यात उतरून उभं राहण्याची पद्धत आहे. ती इथे पावसाळ्यात वापरूच नये, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. काठावर उभं राहतानाही लाइफ जॅकेट घालावं, कारण भिजलेला काळ्या मातीचा कडा पायाखालूनच सुटतो.

तंबूसाठी पात्रातली वाळू, बेट किंवा ओढ्याचं तोंड टाळावं. झुडपांत आणि तारांच्या कुंपणात अडकलेला काडीकचरा मागच्या पुराची रेघ दाखवतो, त्याच्या बराच वर मुक्काम हवा. जागा कोणती सुरक्षित हे गावातल्या भोई मंडळींना किंवा काठच्या शेतकऱ्याला विचारावं. परवानगीही त्याच्याकडूनच घ्यायची असते. काळी माती ओली असली की खुंट्या धरत नाहीत आणि चारचाकी रुतते, म्हणून गाडी डांबरी रस्त्यालगत ठेवलेली बरी. तंबूची चेन सतत बंद असावी. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि तिच्या दंशाची वेदना अनेकदा जाणवतही नाही.

परतीच्या वाटेवर एखादा फरशी पूल पाण्याखाली गेलेला असू शकतो. फूटभर वाहतं पाणी छोटी मोटार तरंगवू शकतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. अशा वेळी अलीकडच्याच गावात रात्र काढावी.

विजांचं भय मराठवाड्यात मोठं आहे. कार्बन फायबरचा रॉड वीज वाहून नेतो, तेव्हा गडगडाट ऐकू येताच रॉड खाली ठेवून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक.

नियमांचंही थोडं. तलाव-धरणांतल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांना न विचारता गळ टाकला तर वाद ठरलेला. जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय तंबू नाही. जालना शहराला पाणी देणाऱ्या घाणेवाडी तलावाच्या काठी मुक्काम करण्याचा विचारही नको.

खरा हंगाम पावसानंतरचा. ऑक्टोबरच्या शेवटी विसर्ग थांबतो, पाणी निवळू लागतं आणि नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत थंडीमुळे तंबूतली रात्रही सुखाची होते. तोवर ज्याला दम निघत नाही, त्याने अंबडला मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर जावं. टेकडीचा आकार माशासारखा आहे आणि तिथवर पुराचं पाणी येत नाही.