गाडी तीच, भाग नवे : एका जुन्या बेंटलीची तेलवात

विषयाचं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना गॅरेजात काय काम? पण आयुष्यभर आम्ही वर्गात जो प्रश्न शिकवला, तो आम्हांला नीट कळला तो गॅरेजातच. आमची एक जुनी गाडी होती. दर दोन-चार महिन्यांनी काहीतरी निघायचं. आज क्लच प्लेट, उद्या रेडिएटर, परवा खालचा गंजलेला पत्रा. एकदा बिल हातात देताना मिस्त्री हसून म्हणाले, "सर, आता नंबरप्लेट तेवढी जुनी राहिली." आम्हीही हसलो, पण घरी येईपर्यंत विचार सुटला नाही. सगळंच बदललं, तर इतकी वर्षं आपण सांभाळली कोणती गाडी?

हाच प्रश्न १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयासमोर आला होता, आणि त्यावर १ कोटी पौंड अवलंबून होते. आज त्या खटल्याचा आणि त्यातल्या गाडीचा इतिहास बघू.

गाडी होती बेंटली 'स्पीड सिक्स'. सहा सिलिंडर, साडेसहा लिटरचं इंजिन. फ्रान्समध्ये ल मान्स इथे चोवीस तासांची शर्यत होते. ती या गाडीने १९२९ साली जिंकली. चालक होते वूल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन. १९३० साली पुन्हा जिंकली, तेव्हा बार्नाटोबरोबर ग्लेन किडस्टन होता. हा बार्नाटो म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या हिरेव्यापाऱ्याचा मुलगा आणि खुद्द बेंटली कंपनीचा अध्यक्ष. गाडीला नाव पडलं 'ओल्ड नंबर वन'.

आता अशी गाडी पाळणं म्हणजे काय, ते जरा समजून घेऊ. कारण पुढचा सगळा वाद या रोजच्या देखभालीतूनच उभा राहिला.

सुरुवात करापासून. इंग्लंडमध्ये १९२१ पासून मोटारीवर दर अश्वशक्तीमागे वर्षाला १ पौंड कर होता. ही अश्वशक्ती इंजिन प्रत्यक्ष किती जोर देतं यावरून मोजत नसत. सिलिंडरचा व्यास आणि सिलिंडरांची संख्या यांच्या सूत्रावरून काढत. बेंटलीच्या या इंजिनात सिलिंडरचा व्यास १०० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १४० मिलिमीटर. सूत्राने आकडा यायचा सुमारे ३७, म्हणजे कर सुमारे ३७ पौंड. पिस्टनची धाव हिशेबात धरतच नसत. त्यामुळे सिलिंडर अरुंद ठेवून धाव लांब करण्याकडे इंग्रज कारखानदारांचा कल राहिला. खर्चाचा हिशेब यंत्राचा आकार कसा ठरवतो, ते बघा.

मग दुरुस्ती. त्या काळी इंजिनात काजळी फार धरायची. ती ठरावीक काळाने खरवडून काढावी लागे, व्हॉल्व्ह घासून बसवावे लागत. आपल्या ओळखीच्या गाड्यांत त्यासाठी वरचं हेड काढतात. बेंटलीच्या या इंजिनात हेड आणि ब्लॉक एकाच ओतीव तुकड्याचे. गॅसकेट फुटायची भीती नाही, हा फायदा. पण एक व्हॉल्व्ह घासायचा तरी अख्खा ब्लॉक उचलावा लागे. शिवाय बेअरिंगांत मऊ पांढरा धातू ओतलेला असे; तो झिजला की पुन्हा ओतून, घासून, माप जुळवायचं. ब्रेकचे लायनर, मॅग्नेटोची गुंडाळी, ठिकठिकाणी ग्रीस आणि तेल. शर्यतीच्या गाडीचा सांगाडा लाकडी, वर कापड ताणलेलं. लाकूड कुजतं, कापड फाटतं.

यातला पेच असा, की गाडी चालवली तर झिजते आणि नुसती उभी ठेवली तरी बिघडते. पेट्रोल खराब होतं, रबर सुकतं, सिलिंडर गंजतो. म्हणजे ती चालवायची, आणि चालवायची तर भाग बदलायचे. जी दुरुस्ती गाडीला जगवते, तीच तिचा थोडा भाग पुसून टाकते.

शर्यतीच्या गाडीत हे फारच वेगाने घडतं. 'ओल्ड नंबर वन'चे भाग कारखान्यात दोन शर्यतींच्या मधल्या काळात बदलले जात होते. १९३१ साली तिने ब्रुकलँड्सची ५०० मैलांची शर्यत जिंकली. त्याच वर्षी कंपनी कर्जात बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती घेतली. १९३२ मध्ये या गाडीत आठ लिटरचं इंजिन बसवून ती पुन्हा ब्रुकलँड्सला उतरवली. तिथे ती उतरत्या वळणाच्या काठावरून पलीकडे गेली आणि तिचा चालक क्लाइव्ह डनफी जागीच गेला. त्यानंतर बार्नाटोसाठी ती रस्त्यावर चालवायची गाडी म्हणून नव्याने बांधली गेली. पुढच्या काळात तिचं शरीर पुन्हा बदललं.

आता १९९०. एड हबर्ड या मालकाने ही गाडी मिडलब्रिज नावाच्या कंपनीला १ कोटी पौंडांना विकायचा करार केला. मग कंपनीने हात आखडला. ही खरी 'ओल्ड नंबर वन' नव्हेच, असं तिचं म्हणणं. तज्ज्ञाची साक्ष झाली, ती ऐकण्यासारखी आहे. १९२९ च्या गाडीतलं, काळ ठरवता येणार नाही अशी किरकोळ जोडणी सोडली, तर काहीच उरलेलं नाही. १९३० च्या गाडीतले पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचं आवरण आणि स्टिअरिंगचा खांब, एवढेच. दोनदा ल मान्स जिंकलेल्या गाडीचे एवढेच अवशेष!

तरी न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल हबर्डच्या बाजूने दिला. त्यांनी शब्द वेगळे केले. ही गाडी 'मूळ' म्हणता येणार नाही, पण 'अस्सल' आहे. कारण १९२९ साली कारखान्याबाहेर पडल्यापासून तिचा इतिहास कुठेही तुटलेला नाही. कोणी एके दिवशी सुटे भाग जमवून ती उभी केली नाही. एकच गाडी बदलत बदलत इथवर आली.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इथे थीसियसचं जहाज आठवेल. फळ्या एकेक करून बदलल्या, तर जहाज तेच का? सतराव्या शतकात हॉब्जने त्यात एक खोडी घातली : काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर खरं कोणतं? जुन्या मोटारींच्या दुनियेत ही नुसती कल्पना नाही. काढलेला भाग दुसऱ्या गाडीत जाऊन बसतो, आणि एका गाडीच्या नावावर दोन गाड्या हक्क सांगू शकतात.

आम्हांला मात्र जास्त जवळचा वाटतो तो 'मिलिंदप्रश्न'. त्यात नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे चाकं का, आस का, धुरा का? यातलं एकही नाही. 'रथ' हे या सगळ्यांच्या आधाराने वापरात आलेलं नाव. त्याच ग्रंथात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला आहे. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीच नाही आणि वेगळीही नाही. एकाच दिव्याच्या आधाराने ती अखंड जळत आली. न्यायमूर्ती ऑटन याच जागी येऊन पोचले, असं आमचं मत.

पण इथे आम्ही एक भर घालू. दिवा आपोआप अखंड राहत नाही, कोणीतरी उठून तेल घालतं. आपल्याकडे देवळाच्या नित्य खर्चाला 'तेलवात' म्हणत आणि त्यासाठी जमिनी इनाम देत. गाडीचं अखंडपणही असंच, कोणीतरी खर्च करून राखलेलं. मात्र नुसता खर्च पुरत नाही, नोंद हवी. कोणत्या साली काय काढलं, काय घातलं, का घातलं. ती वही नसेल तर अखंडपणा हा नुसता दावा उरतो, आणि खोटं बोलणाऱ्यालाही तोच दावा करता येतो. निकालातला 'अस्सल' हा शब्द मान्य करतानाच, किती भाग गेले हे उघड सांगणंही बंधनकारक आहे. नाहीतर ज्या आसनावर क्लाइव्ह डनफी बसला होता, ते आसनच दाखवतो म्हणून कोणीही आपल्याला फसवील.

तेव्हा मंडळी, घरी जाऊन जुन्या गाडीची, जुन्या घराची, गेला बाजार शिवणयंत्राची तरी बिलं फेकू नका. एका जागी लावून ठेवा. आमच्या त्या मिस्त्रींची बिलं आम्ही टाकून दिली. गाडीही आता नाही. ती कोणती गाडी होती, हे सांगायला आमच्याकडे आज फक्त आठवण आहे, आणि कोर्टात ती फार वेळ टिकायची नाही.

आता प्रश्न घेऊ.