एका खुणेचा इतिहास : वसईची आडनावे, तलाठ्याची वही आणि ‘अपडेट’चे वाक्य

१/ इ.स. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. जानेवारी १७३९ मध्ये बोईसरनजीकचा तारापूरचा किल्ला आणि मे महिन्यात वसई मराठ्यांनी घेतली. सत्ता गेली, आडनावे राहिली.

२/ डिसोजा, डिमेलो, दिब्रिटो. रोमन लिपीत ही नावे लिहिताना ‘डी’ अक्षरानंतर बहुधा एक छोटी खूण येते. कागदावर ती निरुपद्रवी असते. डेटाबेसच्या भाषेत मात्र मजकूर कोठे संपतो, हे तीच खूण सांगते.

३/ ही भाषा म्हणजे एसक्यूएल. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी तिचा सैद्धांतिक पाया घातला. १९७४ मध्ये आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी तिचे पहिले रूप मांडले. नोंद बदलण्याच्या वाक्याचे तीन भाग असतात : कोणता तक्ता (अपडेट), काय बदलायचे (सेट), कोणत्या ओळीत (व्हेअर).

४/ हे वाक्य तुकडे जोडून रचले आणि नावात ती खूण आली, की संगणकाच्या लेखी नाव ‘डी’पाशीच संपते, उरलेले ‘सोजा’ आज्ञेचा भाग ठरते. बहुधा वाक्य अडते. पण कोणी हेतुपुरस्सर मजकूर घुसवला, तर अटच निष्प्रभ होऊन सर्वांच्या नोंदी बदलू शकतात. डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ नियतकालिकात जेफ फॉरिस्टल यांनी हा धोका जाहीरपणे मांडला.

५/ यावरील उपायाचे तत्त्व महसुली दप्तरात जुनेच आहे. खरेदी झाली वा वारस लागला, तरी तलाठी सातबारा थेट खोडत नाही. आधी गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही; मग नोटीस, हरकतींची मुदत आणि प्रमाणन. वहीचे रकाने आधीच छापलेले असत. रकान्यात काहीही लिहिले, तरी त्याची रेघ हलत नसे.

६/ संगणकातही तसेच करता येते. वाक्यात मूल्याच्या जागी केवळ प्रश्नचिन्ह ठेवायचे आणि मूल्य स्वतंत्रपणे पाठवायचे. जावामध्ये ही सोय १९९७ पासून आहे.

७/ कधी फक्त नाव बदलते, कधी फक्त पत्ता. म्हणून प्रोग्रामने बदललेल्या स्तंभांची यादी करावी, प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह मांडावे आणि मूल्ये त्याच क्रमाने दुसऱ्या यादीत ठेवावीत. स्तंभाचे नाव प्रश्नचिन्हाने पाठवता येत नाही. ते आधी ठरवलेल्या यादीतूनच घ्यावे. यादी रिकामी असेल किंवा अट नसेल, तर वाक्य रचूच नये.

८/ १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा वेगळा झाला. एखाद्या तक्त्यात ‘ठाणे’चे ‘पालघर’ करायचे असते, तर अटीत आठ तालुक्यांसाठी आठ प्रश्नचिन्हे लागली असती. अट राहून गेली असती, तर कल्याण आणि भिवंडीही कागदोपत्री पालघरात आली असती.

९/ उद्याच्या इतिहासकाराला आजच्या नोंदी हाच पुरावा असेल. वसईच्या माणसाचे नाव त्यातील खुणेसह, आणि केवळ त्याच्याच ओळीत उतरले, तरच तो पुरावा विश्वासार्ह ठरेल.