निपाहची भीती : वटवाघळांचे झाड तोडावे का?

डहाणू-तलासरीत चिकूच्या वाड्या आहेत आणि ताडीही काढली जाते. पिकलेली फळे व गोड रस वटवाघळांनाही आवडतो. त्यामुळे निपाहची बातमी आली की त्यांचे झाडच तोडावे, असे तुम्हाला वाटू शकते.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाहच्या खुणा आढळल्या. पण म्हणून प्रत्येक वटवाघूळ आजार पसरवते असे नाही. उलट, निवारा आणि अन्न हिरावलेली वटवाघळे वस्तीजवळ येतात व विषाणू जास्त सोडतात, असे ऑस्ट्रेलियात निपाहच्या जवळच्या हेंड्रा विषाणूबाबत दिसले. शिवाय ती परागीभवन आणि बीजप्रसारही करतात. म्हणून झाड राहू द्या, संपर्क टाळा.

काय करावे?
- ताडीचे मडके झाका. उघड्या मडक्यातला कच्चा रस पिऊ नका. बांगलादेशात खजुराच्या कच्च्या रसातून निपाह पसरला आहे.
- कुरतडलेली फळे खाऊ नका. चांगली फळे धुऊन, सोलून खा.
- वटवाघळाला हात लावू नका. चावल्यास जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी लगेच रुग्णालयात जा.
- तापासोबत गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके किंवा धाप असल्यास घरी थांबू नका. असा संपर्क आला असेल तर डॉक्टरांना सांगा.