वाचनाचा अधिकार : सहा ठिपक्यांपासून बोलक्या संगणकापर्यंत



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी मला मोडी शिकविली. बडोद्याच्या जुन्या दप्तरातील एखादा कागद पुढ्यात ठेवून ते म्हणत, ‘अक्षर सुरेख आहे, पण ज्याला मोडी येत नाही त्याला हा कागद कोराच.’ पुढे महाविद्यालयात इतिहास शिकविताना हे वाक्य मी अनेकदा सांगितले. त्याचा पुरता अर्थ मात्र मला एका अंध विद्यार्थ्याने शिकविला, आणि त्याची किंमत त्यालाच मोजावी लागली. म्हणून आज अंध विद्यार्थ्यांच्या वाचनसाधनांचा इतिहास आपणांपुढे मांडण्याचे मी योजिले आहे. बधिर विद्यार्थ्यांचे किंवा चालण्यास असमर्थ असणाऱ्यांचे प्रश्न निराळे आहेत. त्यांना स्वतंत्र व्याख्यानच हवे.

आरंभ आपल्याच शहरापासून करतो. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले. साक्षर झालेल्यास पुस्तक मिळाले नाही तर शिकलेले विसरते. यासाठी १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. वाचकास ग्रंथापर्यंत येता येत नसेल तर ग्रंथाने वाचकाकडे जावे, हे त्यामागील तत्त्व होते. अंतराची अडचण अशी दूर झाली. दृष्टीची अडचण कशी दूर झाली, हे पाहण्यासाठी मात्र आपणांस पॅरिसला जावे लागेल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हालांतँ आउई यांनी तेथे अंध मुलांसाठी शाळा काढली आणि जाड कागदावर उठावाची रोमन अक्षरे छापली. ग्रंथ अवजड होत, वाचन अतिशय सावकाश चाले आणि मुलांना त्या लिपीत सहजपणे लिहिता येत नसे. अक्षरे बोटांसाठी काढली होती, पण त्यांचे वळण डोळ्यांचे होते. याच शाळेत १८१९ मध्ये लुई ब्रेल हा दहा वर्षांचा मुलगा दाखल झाला. खोगीर-सामान बनविणाऱ्या वडिलांच्या कारखान्यात अणकुचीदार हत्याराने डोळ्यास इजा होऊन त्याची दृष्टी गेली होती. शार्ल बार्बिये यांची बारा ठिपक्यांची पद्धत त्याने शिकली आणि तिचे दोष ओळखले. बारा ठिपके बोटाच्या पेराखाली एकदम मावत नाहीत, सहा मावतात. १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. १८२९ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. सहा ठिपक्यांतून त्रेसष्ट चिन्हे निघतात.

पण १८४० नंतर काही काळ त्या शाळेच्या चालकांनीच ही लिपी बंद केली आणि उठावाची रोमन अक्षरे पुन्हा आणली. मुले ब्रेल चोरून वापरीत राहिली. फ्रान्समध्ये तिला अधिकृत मान्यता १८५४ मध्ये मिळाली. ब्रेल त्याआधी दोन वर्षे निवर्तला होता. लिपी कोणती असावी, हे ती न वापरणाऱ्यांनी ठरविले की असा विलंब होतो.

आपल्या देशात वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळे ब्रेल संकेत प्रचलित होते. युनेस्कोच्या पुढाकाराने विचारविनिमय होऊन १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारले गेले. त्यात मराठी, गुजराती वा बंगाली ‘क’साठी एकच चिन्ह आहे. ‘कि’ लिहिताना डोळ्यास आधी दिसणारी ऱ्हस्व वेलांटी बोटास मात्र ‘क’नंतर भेटते, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने.

ब्रेलने शाळा सुलभ झाली, तरी विश्वविद्यालयाचा प्रश्न उरला. शाळेतील ठरावीक पाठ्यपुस्तके ब्रेलमध्ये उतरविणे शक्य होते, एम. ए. च्या विद्यार्थ्यास लागणारे संदर्भग्रंथ कोण उतरविणार? त्यामुळे वाचून दाखविणारा मित्र, ध्वनिफिती आणि परीक्षेतील लेखनिक यांवरच त्याची भिस्त राहिली. १९७६ मध्ये अमेरिकेत रे कुर्झवाइल यांनी छापील पान वाचून दाखविणारे यंत्र जाहीर केले. पुढे पडद्यावरील मजकूर उच्चारणाऱ्या संगणक-प्रणाली आल्या. ‘जॉज’ ही त्यांतील प्रसिद्ध, पण महाग. २००६ मध्ये मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य प्रणाली सुरू केली. मराठीपुढे आणखी एक अडसर होता. आपली जुनी संगणकीय अक्षरवळणे आपापले खासगी संकेत वापरीत. डोळ्यास ‘क’ दिसे. यंत्रास तेथे भलतेच रोमन अक्षर आढळे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्या छापखान्यांनी ते अंगीकारण्यास फार वर्षे लावली.

आता माझी गोष्ट. २०१० च्या सुमारास माझ्या वर्गात एक अंध विद्यार्थी होता. त्याच्याजवळ बोलका संगणक होता, म्हणून माझे काम झाले असे मी समजलो. संदर्भग्रंथांची पाने यंत्रावर उतरवून मी सर्वांना दिली. तो आला आणि म्हणाला, ‘सर, संगणक नुसता ब्लँक, ब्लँक म्हणतो.’ मी त्यास संगणक दुरुस्त करून घेण्यास सांगितले. बिघाड संगणकात नव्हता. मी दिली होती ती पानांची छायाचित्रे. त्यांत यंत्रास वाचता येईल असे एकही अक्षर नव्हते. त्याची बहीण नोकरीवरून परतल्यावर रात्री ती पाने वाचून दाखवी. ती पुरी झाली नाहीत. एक पेपर गेला आणि त्यासोबत वर्ष गेले. पुढील वर्षी वर्गातील मुलांनी ती पाने टंकलिखित केली, आणि तो उत्तीर्ण झाला.

त्या रात्री मला गुरुजींचा कोरा कागद आठवला. मोडी न येणाऱ्या संशोधकासाठी आपण देवनागरी लिप्यंतर करतो; त्यास आपण दया म्हणत नाही आणि त्या संशोधकास अपंगही म्हणत नाही. मग दुसऱ्या लिप्यंतरास उपकाराचे नाव का द्यावे?

कायद्याने हे मान्य केले आहे. १९९५ च्या अधिनियमानंतर २०१६ चा अधिक व्यापक अधिनियम आला. त्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखल्या. २०१२ च्या दुरुस्तीने वाचनसुलभ प्रती करण्यातील स्वामित्वहक्काची अडचण दूर केली. २०१३ च्या माराकेश कराराला अनुसमर्थन देणारा भारत हा पहिला देश होता. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून यासाठी केंद्र आहे. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ही सुरू झाले. परंतु राखीव जागेवर बसलेल्या विद्यार्थ्याच्या हाती सत्राच्या पहिल्या दिवशी काय पडते, हे कायदा ठरवीत नाही. ते त्याचा शिक्षक ठरवितो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांस एक विनंती. आपल्या शाळेच्या जुन्या स्मरणिका व या व्याख्यानमालेच्या पुस्तिका युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात. आता देवनागरी छायाचित्रातून अक्षरे वेचणारी साधने आहेत. जुन्या छापात ती चुकतात, तेव्हा माणसाने ताडून पाहावे. आरंभ याच पुस्तिकेपासून करावा. माझे हस्तलिखित मी शाळेस युनिकोडमध्येच सुपूर्द केले आहे. कागदी पुस्तिका ज्या दिवशी वाटली जाईल, त्याच दिवशी ती प्रतही मागणाऱ्यास मिळावी, एवढीच माझी प्रार्थना आहे.