जुन्या इंजिनाला नवा भाता



मोटारीचा शोक असलेल्या माणसापुढें एक प्रश्न आज ना उद्यां उभा राहतोच. गाडी चांगली आहे, तिच्यावर जीव जडलेला आहे. पण मागाहून निघालेल्या गाड्या तिला मागें टाकूं लागल्या आहेत. आतां काय करावें? ती काढून टाकून मोठ्या इंजिनाची नवी घ्यावी, कीं आहे त्याच इंजिनाकडून अधिक काम करवून घ्यावें? आज मी आपणांस ज्या गाडीची हकीकत सांगणार आहें, तिच्या बाबतींत हा प्रश्न १९२८ सालीं इंग्लंडमध्यें उपस्थित झाला. दोन जाणत्या माणसांनीं त्याचीं दोन निरनिराळीं उत्तरें दिलीं, आणि दोन्ही उत्तरांची परीक्षा दोन वर्षांनीं एकाच शर्यतींत झाली.

प्रथम इंजिनाचें मर्म थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पेट्रोलचें इंजिन हें, खरें पाहतां, हवा पिणारें यंत्र आहे. पेट्रोल हवें तेवढें पुरवितां येतें. तें जाळण्यास लागणारी हवा मात्र दट्ट्या खालीं जातांना सिलिंडरांत जेवढी ओढली जाईल तेवढीच मिळते. म्हणून अधिक शक्ति पाहिजे असल्यास ठळक मार्ग तीन. सिलिंडर मोठे करावे. इंजिन अधिक वेगानें फिरवावें. किंवा लोहार भात्यानें विस्तव फुलवितो त्याप्रमाणें बाहेरून हवा दाबून आंत भरावी. या तिसऱ्या मार्गाच्या साधनास सुपरचार्जर म्हणतात. कारखान्यांतल्या बोलींत त्याचें नांव ‘ब्लोअर’.

भात्याची ही उपमा केवळ अलंकारिक नाहीं. अमेरिकेंतील इंडियाना राज्यांत कॉनर्सव्हिल गांवीं फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंनीं १८६० सालीं हवेचा एक पंप काढला. एकमेकींत गुंतून फिरणाऱ्या दोन पाकळ्या एका बाजूची हवा उचलून दुसऱ्या बाजूस ढकलतात, अशी त्याची रचना होती. आणि लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालण्याकडे त्याचा उपयोग होऊं लागला. गॉटलीब डाइमलरनें १८८५ सालच्या आपल्या पेटंटांतच इंजिनांत हवा दाबून भरण्याची योजना नमूद केली होती. पहिल्या महायुद्धांत विमानें उंचावरच्या विरळ हवेंत शिरूं लागलीं, तेव्हां या योजनेस निकड आली. १९२१ सालीं मर्सिडीज कारखान्यानें बर्लिनच्या प्रदर्शनांत सुपरचार्जरच्या गाड्या मांडल्या. १९२३ सालीं मोंझा येथील इटालियन ग्रां प्री शर्यत फिआटच्या तशाच गाडीनें जिंकली. त्यानंतर शर्यतीच्या बहुतेक मोठ्या कारखानदारांनीं ती वाट धरली.

ती वाट न धरणारा एक मनुष्य इंग्लंडांत होता. वॉल्टर ओवेन बेंटले याचा जन्म १८८८ चा. त्याची उमेदवारी डोंकॅस्टर येथील रेल्वेच्या कारखान्यांत, आगगाडीच्या इंजिनांवर झाली. महायुद्धांत त्यानें विमानांसाठीं इंजिनें तयार केलीं, आणि १९१९ सालीं मोटारींची स्वतःची कंपनी काढली. त्याच्या तीन लिटरच्या गाडीनें फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत १९२४ आणि १९२७ सालीं जिंकली. १९२७ मध्येंच त्यानें साडेचार लिटरची गाडी काढली. तिचे सिलिंडर चार, प्रत्येकाचा व्यास १०० मिलिमीटर, दट्ट्याची धांव १४० मिलिमीटर, आणि शक्ति सुमारें ११० अश्वशक्ति. १९२८ चें ल मां या गाडीनें जिंकलें.

मग तक्रार ती कसली? तक्रार अशी कीं, या इंजिनाची घडण मुळांत तीन लिटरच्या इंजिनावरून आलेली होती, आणि प्रतिस्पर्धी पुढें सरकत होते. बेंटलेचें उत्तर तयार होतें: सिलिंडर सहा करावे, आकार साडेसहा लिटर करावा, आणि सावकाश फिरणाऱ्या मोठ्या इंजिनाकडून न दमतां काम घ्यावें. आगगाडीच्या इंजिनांवर हात बसलेल्या माणसाचें तें उत्तर होतें.

दुसरें उत्तर देणारा हेन्री बर्किन. मित्रमंडळींत त्याचें नांव ‘टिम’. नॉटिंगहॅमच्या लेसच्या धंद्यांत श्रीमंत झालेल्या घराण्यांतला, १८९६ सालीं जन्मलेला, महायुद्धांत वैमानिक झालेला. बोलतांना अडखळे, पण चाकामागें बसला कीं अडखळणें त्याला ठाऊक नसे. मोठें आणि जड इंजिन हा मार्ग त्याला पटेना. आहे त्याच साडेचार लिटरच्या इंजिनाला सुपरचार्जर लावावा, असें त्यानें ठरविलें.

बेंटलेनें स्पष्ट विरोध केला. आपल्या इंजिनांत अशी हवा कोंबणें म्हणजे त्याची मूळ योजनाच बिघडविणें होय, असें त्याचें मत होतें, आणि तें त्यानें अखेरपर्यंत सोडलें नाहीं. परंतु कंपनींत आतां त्याचा शब्द शेवटचा राहिला नव्हता. १९२६ पासून पैसा वुल्फ बार्नाटोचा होता. हा किंबर्लेच्या हिऱ्यांच्या धंद्यांतील संपत्तीचा वारस, कंपनीचा अध्यक्ष आणि स्वतः उत्तम चालक. त्यानें बर्किनच्या बाजूनें कौल दिला. ल मां येथें गाडी उतरवावयाची तर तशा पन्नास गाड्या तयार करणें नियमानें भाग होतें; तेंही त्यानें मान्य केलें. शर्यतीच्या गाड्यांचा खर्च डॉरोथी पॅजेट या धनाढ्य तरुणीनें उचलला. पुढें घोड्यांच्या शर्यतींत तिचें नांव गाजलें. बर्किननें वेल्विन गार्डन सिटी येथें कार्यशाळा थाटली आणि ॲम्हर्स्ट व्हिलियर्स या इंजिनियराकडे सुपरचार्जरचें काम सोंपविलें.

आतां या कामाची आंखणी कशी करावी लागली तें पाहूं. कारण भाता विकत आणून बसविला कीं काम झालें, असा पुष्कळांचा समज असतो.

व्हिलियर्सनें रूट्स पद्धतीचा मोठा पंप क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोंकास जोडला. त्यामुळें तो रेडिएटरच्याही पुढें, गाडीच्या नाकाशीं आला. त्याच्या बाजूस दोन कार्ब्युरेटर बसविले. पंप कार्ब्युरेटरांतून पेट्रोलमिश्रित हवा ओढी आणि ती नळावाटें इंजिनांत दाबी. मर्सिडीजची रीत याच्या उलट होती. तेथें चालकानें पायटा पूर्ण दाबला म्हणजेच सुपरचार्जर कामास लागे, आणि एरव्हीं स्वस्थ राही. बेंटलेच्या गाडींत तो इंजिनाबरोबर अखंड फिरे. म्हणजे इंजिनाला विसांवा असा नाहींच.

हवा दाबली कीं ती तापते. तापलेलें मिश्रण आणखी दाबलें कीं वेळेपूर्वींच पेट घेतें, आणि दट्ट्यावर हातोड्यासारखे ठोके बसतात. म्हणून सिलिंडरांतील दाबाचें मूळ प्रमाण कमी करावें लागतें. प्रत्येक स्फोट जोरदार, म्हणून क्रँकशाफ्ट अधिक भक्कम हवा, दट्टे आणि त्यांचे दांडे अधिक भक्कम हवे. उष्णता अधिक, म्हणून तेल, पाणी आणि ठिणगीचे प्लग यांचा विचार नव्यानें करावयाचा. पेट्रोलचा खप वाढतो, म्हणून टांकी मोठी हवी. एवढें करून नाकाशीं बसविलेल्या ओझ्याचा भार पुढच्या चाकांवर पडतो तो वेगळाच. एका ठिकाणीं शक्ति वाढविली कीं तिचा हिशेब सर्व अवयवांकडून द्यावा लागतो.

फळ मात्र डोळ्यांत भरण्यासारखें होतें. विक्रीच्या गाडीची शक्ति १७५ अश्वशक्तीवर गेली, आणि शर्यतीच्या गाडींत ती २४० च्या घरांत पोंचली. म्हणजे त्याच आकाराच्या इंजिनाकडून दुपटीहून अधिक काम! सर्व मिळून अशा पंचावन्न गाड्या झाल्या.

२९ जून १९२९ रोजीं ब्रुकलंड्स येथील सहा तासांच्या शर्यतींत ही गाडी प्रथम उतरली, आणि शर्यत पुरी न करतांच बाहेर पडली. त्याच महिन्यांतल्या ल मांच्या शर्यतीला ती वेळेवर तयारच होऊं शकली नव्हती. त्या शर्यतींत बर्किन बार्नाटोच्या जोडीनें बेंटलेची साडेसहा लिटरची ‘स्पीड सिक्स’ घेऊन उतरला, आणि ती जिंकला! ज्या उत्तराला तो नाकारीत होता, त्यानेंच त्याला विजय मिळवून दिला.

खरी कसोटी २१ व २२ जून १९३० रोजीं ल मां येथें लागली. समोर मर्सिडीजची सुपरचार्जर असलेली सात लिटरची गाडी, आणि तिच्यावर रुडॉल्फ काराचिओला. बर्किननें आरंभींच तिचा पाठलाग सुरू केला. लांबलचक सरळ रस्त्यावर त्यानें दोन चाकें गवतावर घालून तिला ओलांडलें, त्या वेळीं त्याच्या एका टायरचें रबर सुटून फडफडत होतें. ६ मिनिटें ४८ सेकंदांची सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच ठरली. रात्रीं मर्सिडीज विजेच्या यंत्रणेंतील बिघाडानें थांबली. पण दुसऱ्या दिवशीं दोन्ही ‘ब्लोअर’ बेंटलेही एकामागून एक थांबल्या. पहिला आणि दुसरा क्रमांक दोन ‘स्पीड सिक्स’ गाड्यांनीं पटकावला. वॉल्टर बेंटलेचें म्हणणें शर्यतीनें खरें केलें.

तरी हकीकत येथें संपत नाहीं. त्याच वर्षीं सप्टेंबरांत पो येथें झालेल्या फ्रेंच ग्रां प्रींत, हलक्या आणि चपळ बुगाटी गाड्यांच्या घोळक्यांत बर्किनची ही अवजड प्रवासी गाडी दुसरी आली. मार्च १९३२ मध्यें एका माणसापुरती बांधणी केलेल्या ‘ब्लोअर’नें ब्रुकलंड्सच्या बाहेरच्या वर्तुळावर ताशीं १३७.९६ मैलांचा विक्रम केला. तोंपर्यंत कंपनी बुडाली होती. १९३१ सालीं तिच्यावर रिसिव्हर नेमला गेला आणि रोल्स-रॉइसनें ती घेतली. १९३३ च्या मे महिन्यांत ट्रिपोलीच्या शर्यतीच्या वेळीं बर्किनचा हात भाजला, आणि जूनमध्यें, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, तो वारला.

मग या दोघांत खरा कोण? ल मांच्या निकालावरून सुपरचार्जरलाच दोषी धरणें सोपें आहे. परंतु त्याच १९२९ सालीं, सप्टेंबर महिन्यांत, इंग्लंडनें श्नायडर करंडकाची विमानशर्यत जिंकली ती रोल्स-रॉइसच्या ‘आर’ नांवाच्या इंजिनावर, आणि त्यांतही हवा दाबून भरण्याचीच योजना होती. १९३१ मध्यें त्याच इंजिनानें तो करंडक इंग्लंडकडे कायम ठेविला, आणि पुढें दुसऱ्या महायुद्धांतील विख्यात ‘मर्लिन’ इंजिनही सुपरचार्जरवरच चाललें. भाता तोच, फरक होता तो योजनेंत. तेथें इंजिन, भाता आणि इंधन यांचा विचार एकत्र झाला होता, आणि प्रत्येक भाग चांचणीच्या खाटल्यावर मोडेपर्यंत चालवून, मोडला तेथें सुधारला जात होता. बर्किनच्या गाडीला पैसा मिळाला, हुशार इंजिनियर मिळाला, शूर चालक मिळाला. हा वेळ मात्र मिळाला नाहीं. शिवाय विमानाच्या शर्यतीला तासाभराचा दम पुरे. ल मांला दम चोवीस तासांचा लागतो. इंजिनाची शक्ति वर्षभरांत दुप्पट करतां येते, त्याचा दम तितक्या लवकर वाढवितां येत नाहीं.

बेंटलेचें म्हणणें या मर्यादेंत खरें होतें. मात्र ज्याच्या हातून एखादी वस्तु घडते, त्यालाच तिच्या सर्व शक्यता दिसतात असें नाहीं. १३७.९६ मैलांचा तो वेग बेंटलेच्याच लोखंडांत दडलेला होता. तो बाहेर काढावयास त्याचें न ऐकणारा मनुष्य लागला.

काळाचा निवाडा तर आणखीच वेगळा झाला. जिंकणाऱ्या ‘स्पीड सिक्स’पेक्षां न जिंकणारी ‘ब्लोअर’च लोकांच्या अधिक लक्षांत राहिली. बर्किनची ती एकट्याची विक्रमी गाडी २०१२ सालीं लिलांवांत पन्नास लक्ष पौंडांहून अधिक किंमतीस गेली. २०१९ मध्यें बेंटले कंपनीनेंच तिच्या संघगाडीच्या बारा हुबेहूब प्रतिकृति करण्याचें जाहीर केलें. त्यासाठीं बर्किनच्या एका मूळ गाडीचा खिळा न् खिळा सोडवून, प्रत्येक भागाचें मोजमाप नव्या उपकरणांनीं घेण्यांत आलें. ज्या गाडीला तिच्या जनकानें आपली म्हटलें नाहीं, तिचे अवयव त्याच्याच नांवाच्या कारखान्यांत नव्वद वर्षांनीं इतक्या जपून मोजले गेले.

आपल्यापैकीं कोणाच्या घरीं जुनी, प्रिय गाडी असेल आणि तिला नवा भाता लावण्याचा मोह होत असेल, तर त्यानें तो मारून टाकावा असें मी म्हणणार नाहीं. शक्ति किती वाढेल हें तो विचारीलच. त्याआधीं त्यानें एवढेंच विचारावें, कीं ती वाढलेली शक्ति क्रँकशाफ्ट, दट्टे, तेल आणि पाणी यांपैकीं कोणास सोसणार नाहीं. आणि तें शोधून काढण्यास लागणारा वेळ देण्याची आपली तयारी आहे काय? बर्किनजवळ बाकी सर्व होतें. त्याची गाडी ल मांला दुसऱ्या दिवशीं थांबली ती या एका उणिवेपायीं.