गॅस संपला, साहेब!

आमच्या बीडकडे एप्रिल लागला की दोन गोष्टी हमखास संपतात: नळाचे पाणी आणि फ्रीजचा गॅस. पाण्याचे समजू शकते. पण फ्रीजचा गॅस म्हणजे काही स्टोव्हमधले रॉकेल नव्हे, की रोज थोडे जळावे. तो बिचारा बंद नळीत त्याच त्या वाटेने येरझारा घालत असतो. गळला तरच कमी होतो. म्हणजे 'गॅस संपला' याचा खरा अर्थ 'कुठेतरी भोक आहे'. ते भोक हुडकण्याच्या हत्यारांचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

आपला जुना अनुभव नेमका उलटा. रांजण पाझरतो म्हणूनच पाणी गार होते. फ्रीज पाझरला की पाणी गरम आणि मालकही.

पहिले हत्यार म्हणजे नाक. सुरुवातीच्या यंत्रांत अमोनिया नाहीतर सल्फर डायॉक्साइड असे, त्यामुळे गळतीची बातमी मालकाआधी शेजाऱ्याला कळे. बर्फाच्या कारखान्यांत अमोनिया आजही आहे. तिथे गंधकाची पेटती काडी पाइपाजवळून फिरवली की गळतीपाशी पांढरा धूर उठतो. आपला देवऋषी तरी याहून वेगळे काय करतो?

पुढे १९३० साली अमेरिकेत थॉमस मिजले नावाच्या गृहस्थांनी भर सभेत नवा गॅस छातीत भरून घेतला आणि त्याच फुंकरीने मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटतही नाही! (पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची युक्तीही यांचीच. एकट्या माणसाने हवेची इतकी सेवा करणे जरा जास्तच झाले.) हा फ्रीऑन. १९५८ साली गोदरेजने देशी फ्रीज काढला आणि यथावकाश तो मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात येऊन बसला. हो, दिवाणखान्यातच; स्वयंपाकघरात ठेवला तर पाहुण्यांना दिसणार कसा?

पण या गॅसला वासच नाही. नाक बेकार झाले आणि हॅलाइड दिवा आला. दिव्याला एक रबरी नळी. तिचे तोंड सांध्यासांध्यावरून फिरवायचे. गळणारा गॅस आत ओढला गेला, तापलेल्या तांब्यावरून गेला, की निळसर ज्योत झक्क हिरवी! आमच्या उस्तादांनी हा दिवा पेटवला की निम्मी गल्ली जमायची.

१९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी सांगितले की हा सज्जन गॅस वर जाऊन ओझोन खातो. १९८७ चा माँट्रियल करार झाला, १९९२ साली भारत त्यात आला आणि २०१० पर्यंत फ्रीजमधला तो गॅस हद्दपार झाला. दर उन्हाळ्यात भोक तसेच ठेवून आपण जो 'गॅस भरून' घेत होतो, तो कुठे गेला हे तेव्हा कळले.

दिव्याचेही दिवस भरले. नव्या १३४-ए गॅसमध्ये क्लोरीनच नाही, मग ज्योत हिरवी व्हावी कशाने? आणि आताचा ६००-ए तर आयसोब्युटेन, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरचा सख्खा चुलतभाऊ. त्याच्याजवळ दिवा नेला तर ज्योतीचा रंग सांगायला माणूस उरायचा नाही. शिवाय घरच्या फ्रीजला तो लागतो जेमतेम पन्नासएक ग्रॅम. पूर्वी उस्ताद नळीला हात लावून 'झालं' म्हणत. आता वजनाचा काटा हवा, हवा आणि ओल काढायला व्हॅक्यूम पंप हवा, गळतीसाठी इलेक्ट्रॉनिक यंत्र हवे. आपण मात्र दोनशे रुपयांवरून घासाघीस करतो. मग व्हॅक्यूम पंपाच्या जागी भंगारातला जुना कॉम्प्रेसर येतो.

या सगळ्यांना पुरून उरले ते साबणाचे पाणी. नळीत नायट्रोजनचा दाब भरायचा, सांध्यांवर फेस लावायचा आणि बुडबुडा कुठे येतो ते बघत बसायचे.

"हे सगळेच का करत नाहीत हो, उस्ताद?" मी एकदा विचारले.

"साहेब, भोक हुडकायला दोन घंटे लागतात, गॅस भरायला वीस मिनिटं. लोक पैसे गॅसचे देतात. हुडकायचे कोण देतंय?"

मी आत चहा सांगितला आणि दोन घंटे बसलो.