कोलनवॉटर : एका वासाची आणि एका नावाची गोष्ट

लहानपणी ताप चढला की आजी कपाटातून एक बाटली काढत असे. वाटीभर पाण्यात त्यातले थोडे ओतायचे, जुन्या धोतराची पट्टी त्यात भिजवायची आणि कपाळावर ठेवायची. ओतताना वाटीतले पाणी किंचित दुधाळ होई. ते का, हे विचारायचे तेव्हा सुचले नाही. बाटलीचे घरातले नाव 'कोलनवॉटर'. तापाचे औषध म्हणूनच ती आम्हाला माहीत होती. कोलन हे जर्मनीतल्या एका शहराचे नाव आहे, आणि त्या बाटलीतला वास मूळचा त्या शहराचाही नाही, हे पुष्कळ उशिरा कळले.

हा वास इटलीतला. उत्तर इटलीच्या डोंगराळ भागात सांता मारिया माज्जोरे नावाचे गाव आहे. तिथे १६८५ साली जोव्हान्नी मारिया फरिना जन्मला. त्याच्या भावाने, जोव्हान्नी बात्तिस्ताने, १७०९ मध्ये ऱ्हाईन नदीकाठच्या कोलन शहरात दुकान थाटले. दुकानात रेशीम, लेस, मोजे, तपकिरीच्या डब्या अशा चैनीच्या वस्तू विकल्या जात. १७१४ मध्ये जोव्हान्नी मारियाही त्यात सामील झाला. सुगंधी पाणी हा सुरुवातीला जोडधंदा होता. मात्र त्याची कल्पना आधीपासून त्याच्या डोक्यात घोळत होती. १७०८ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात तो कळवतो की, इटलीतल्या वसंतातली सकाळ, डोंगरावरची नर्गिसाची फुले आणि पावसानंतरचा संत्र्याचा मोहर यांची आठवण देणारा वास आपल्याला सापडला आहे. ज्या नव्या शहराने त्याला आसरा दिला, त्याच शहराचे नाव त्याने या पाण्याला दिले.

यात नवीन काय होते? त्या काळी युरोपात श्रीमंतांच्या अंगाला कस्तुरी, जवादी असे जड, प्राणिज वास येत. आपल्या अत्तरांची जात थोडी तशीच आहे. पारंपरिक अत्तरात फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात मुरवलेला असतो. चंदनतेल सावकाश उडते, म्हणून कानात ठेवलेला फाया दिवसभर दरवळतो. फरिनाने उलटी वाट धरली. त्याच्या पाण्यात बर्गमॉट, लेमन, संत्रे अशा फळांच्या सालींची हलकी तेले होती, आणि ती विरघळवायला तीव्र, स्वच्छ मद्यार्क. बर्गमॉट म्हणजे लेमन आणि कडू संत्रे यांचा संकर. आज जगातले बहुतेक बर्गमॉट इटलीच्या अगदी दक्षिण टोकाला, कालाब्रियाच्या चिंचोळ्या किनारपट्टीवर पिकते. त्याचे तेल साल दाबून काढतात. पूर्वी हे काम हाताने चाले. साल स्पंजावर दाबायची, स्पंजात तेल मुरले की तो पिळायचा. एक किलो तेलाला साधारण दोनशे किलो फळे लागतात.

संत्र्याची साल पेटत्या मेणबत्तीजवळ पिळली तर ज्योतीत ठिणग्या उडतात. हे वर्गात सहज करून दाखवता येईल. उडते ते सालीतले तेल, मुख्यतः लिमोनीन. ते पाण्यात विरघळत नाही, मद्यार्कात मात्र सहज विरघळते. आजीच्या वाटीचे उत्तर इथे आहे. पाण्यात पडताच मद्यार्क पातळ होतो, तेलाला धरून ठेवण्याची त्याची ताकद संपते, आणि तेल अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात बाहेर पडते. ते थेंब प्रकाश विखुरतात म्हणून पाणी दुधाळ दिसते. विद्यार्थ्यांना लिमोनीनचे सूत्र एक वेळ लक्षात राहणार नाही, हे राहील.

फरिनापुढचा खरा प्रश्न वेगळाच होता. बर्गमॉटचा वास दरवर्षी थोडा बदलतो. पाऊस, ऊन, फळ तोडण्याची वेळ, सगळ्याचा परिणाम होतो. पण राजदरबारातल्या गिऱ्हाइकाला मागच्या वर्षीचाच वास हवा असतो. आमच्या प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ लिनालिल ॲसिटेट किती, लिनालूल किती ते आकड्यांत सांगतो. फरिनाकडे फक्त नाक होते. जुन्या मालाचे नमुने ठेवायचे आणि निरनिराळ्या तेलांचे मिश्रण त्या नमुन्याशी जुळेपर्यंत करत राहायचे, हीच त्याची पद्धत. तुलनेसाठी प्रमाण जपून ठेवणे हे शास्त्रज्ञाचेच काम आहे, असे मी म्हणेन.

वासाचे रक्षण असे झाले, नावाचे मात्र झाले नाही. फरिना १७६६ मध्ये वारला. १७९४ मध्ये कोलन फ्रेंचांच्या ताब्यात गेले. १८१० मध्ये नेपोलियनने हुकूम काढला की गुप्त औषधांच्या कृती सरकारला कळवाव्यात. तोवर कोलनचे पाणी औषध म्हणूनही विकले जाई, लोक ते पीतसुद्धा. कृती फोडायची नसेल तर औषधाचा दावा सोडणे भाग होते. उत्पादकांनी तो सोडला आणि सुगंध म्हणूनच माल विकू लागले. (आजीपर्यंत मात्र ही बातमी पोचली नव्हती!)

नक्कल करणारे मागे होतेच. १८०३ मध्ये विल्हेल्म म्युलेन्स या कोलनच्या व्यापाऱ्याने बॉनमधल्या एका फरिना आडनावाच्या माणसाकडून ते नाव वापरण्याचा हक्क विकत घेतला. या फरिनाचा सुगंधवाल्या घराण्याशी काहीही संबंध नव्हता. म्युलेन्सने तो हक्क पुढे आणखी कितीतरी जणांना विकला. व्यापारचिन्हांचा कायदा जर्मनीत १८७४ मध्ये झाला, तोवर मूळ घराण्याच्या हाती कोर्टकचेऱ्यांपलीकडे काही नव्हते. अखेर १८८१ मध्ये म्युलेन्सच्या वारसांना फरिना नाव सोडावे लागले. त्यांनी आपल्या घराचा क्रमांकच मालाला दिला. तेच प्रसिद्ध '४७११'. आपल्याकडे अनेकांना कोलनवॉटर म्हणजे हीच निळी-सोनेरी चिठ्ठी आठवते. मूळ फरिना पेढी मात्र अजून त्याच घराण्याकडे आहे, आणि तिची १७०९ पासूनची पत्रे आणि हिशेबवह्या संग्रहात शाबूत आहेत.

तापाबद्दल दोन शब्द. एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता घेते, मद्यार्क जेमतेम २००. तरी मद्यार्क भराभर उडतो, म्हणून गार वाटतो. मात्र तो कातडीतून आणि श्वासावाटे मुलाच्या अंगात जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर आता मद्यार्काच्या पट्ट्या ठेवू नका असे सांगतात. साध्या पाण्याची पट्टी पुरते.

आणखी एक गोष्ट. १९१६ मध्ये फ्रॉइंड नावाच्या वैद्याने नोंदवले की कोलनचे पाणी लावून उन्हात गेलेल्यांच्या कातडीवर काळपट डाग पडतात. दोष बर्गमॉट तेलातल्या बर्गाप्टेनचा. अतिनील किरण पडले की ते कातडीतल्या पेशींवर परिणाम करते. आपल्या वैद्यांनी कोडावर वापरलेल्या बावचीतले सोरालेन याच कुळातले. तिथे तोच गुण औषध म्हणून कामी येतो. बावची लावून रुग्णाला उन्हात बसवतात, ते पांढऱ्या डागांवर रंग यावा म्हणून. सुगंधाच्या धंद्यात आता बहुधा बर्गाप्टेन काढून टाकलेले तेल वापरतात.